नथीची केस

मालू, तुझ्या मरणाची चौकशी झाली. तुला बरं वाटेल म्हणून आधी तेच सांगते.

दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. तुझ्या सुनेनं, अश्विनीनं, चहाला हाक मारली, मग हलवून पाहिलं, मग किंचाळली. डॉक्टर आला, तपासलं, सर्टिफिकेट लिहून गेला. झोपेतच हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही म्हणाला. एवढं साधं. पण आपला मजला ऐकेल तर ना! कदमवहिनींचे मिस्टर तुझ्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला हुंगत होते. कोणीतरी अश्विनीला विचारलं, "शेवटचं कोणाशी बोलल्या त्या?" आणि ती बिचारी हुंदके देत देत सांगत होती, की मी तेव्हा भांडी लावत होते, हे ऑफिसात होते, दाराला आतून कडी होती. लिफ्टपाशी कॉलेजातली पोरं कुजबुजत होती, "नॅचरल वाटतंय." आणि कदमवहिनी डोळ्यांना पदर लावून काय म्हणाल्या माहितीये? "मालूताई असत्या ना, तर पाच मिनिटांत सांगितलं असतं काय झालं ते."

मी तिथेच उभी होते गं. महिला शिपाई म्हणून लागून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालेली बाई, हाताच्या अंतरावर. किती पंचनामे लिहिले, किती मढी बघितली. एकानंसुद्धा तोंड वळवून विचारलं नाही की शैलाताई, तुम्हाला काय वाटतं? तुझ्या मरणाचा तपास करायलाही त्यांना तूच हवी होतीस. माझं रडणं तिथेच थांबलं आणि मला राग आला. तुझ्या पायाशी उभी राहून मी तुझ्यावर जळले. मेलेल्या माणसावर कोणी जळतं का? मी जळले. खोटं कशाला बोलू?

तशी जळण्याची सवय मला जुनीच आहे. आपली चाळ होती तेव्हापासूनची. लालबागच्या त्या चाळीखाली लायब्ररी होती, आठवते? शाळेतून येताना दोघींत मिळून एक रहस्यकथा आणायची, पाठीमागच्या जिन्यात बसून वाचायची. मुखपृष्ठावर पिस्तूलवाली बाई असायची म्हणून आपल्या आया बघू द्यायच्या नाहीत. तू आधी वाचायचीस, कारण तू भरभर वाचायचीस. आणि माझ्या हातात पुस्तक देताना कानात सांगायचीस, "डॉक्टर." किंवा "धाकटी बहीण." आणि पळून जायचीस! अख्खं पुस्तक वाचायच्या आधीच माझ्या हातात खुनी. मी तुला जिन्यावरून बदडत खाली न्यायचे आणि तू हसत असायचीस.

भांडण तिथेच सुरू झालं आपलं. तू म्हणायचीस, ज्याच्यावर कोणाचा संशय जात नाही तोच चोर असतो. पुढे मी नोकरीला लागले आणि तुला सांगायला लागले, की बाई गं, पुस्तकात असेल, खऱ्या जगात ज्याच्यावर सगळ्यांचा संशय असतो तोच निघतो. शेजारचा, नोकर, नवरा. बहुतेक वेळा नवराच. तू मान हलवायचीस. "तुझ्याकडे येणाऱ्या केसेसच पुचाट," म्हणायचीस. आपले केस पांढरे झाले तरी हे भांडण मिटलं नाही.

भरतीला आपण दोघी गेलो होतो. माझी उंची बसली, तुझी बसली नाही. तू टाचा उचलून उभी राहिलीस आणि त्या बाईनं तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला खाली दाबलं, आठवतं? तू मला मिठी मारलीस, पेढे द्यायला हवेत म्हणालीस, आणि मग घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मला खाकी मिळाल्यावर माझा पट्टा तू कमरेला लावून आरशात बघितलास, मी पाणी आणायला आत गेले होते तेव्हा. मी बघितलं, पण तुला कधी बोलले नाही. त्या दिवशी तू माझ्यावर जळलीस, बरोबर ना? एकदा तरी कबूल करायचंस. मला जरा बरं वाटलं असतं.

मग तू हिंदमाताला साडीच्या दुकानात फॉल-पिकोला लागलीस आणि मी बंदोबस्ताला. मला वाटलं, संपलं, निकाल लागला. खरी मी, पुस्तकातली तू. पण टीव्हीनं सगळा घोळ केला.

साडेआठची सिरीयल! माझा तर त्या सिरीयलवर खटला भरायचा विचार होता. तो इन्स्पेक्टर, ज्याच्या शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही. एकाही भागात त्याला जबाब लिहिताना बघितलं नाही मी. झेरॉक्स काढायला रांगेत उभा नाही, कोर्टात तारखेला झाडाखाली बसलेला नाही. खून साडेआठला, खुनी सव्वानऊला. आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा, की समजायचं, आता हा नाव घेणार. तुझ्याकडे घड्याळ नव्हतं, म्हणून तू चष्मा काढायला लागलीस. चष्मा काढला की तुला समोरचा माणूस दिसायचा नाही, पण ऐट काय!

आणि लोक वेडे झाले, मालू. तुला मजा वाटायची, मला ठाण्यात निस्तरावं लागायचं. सायकल चोरीला गेलेला माणूस येऊन सांगायचा, सीटवरून डीएनए घ्या. एका घरी चोरी झाली, तर तिथल्या बाईनं आम्ही जाईपर्यंत अख्ख्या कपाटावर टाल्कम पावडर मारून ठेवली होती, ठसे दिसावेत म्हणून. होते नव्हते ते ठसे तिच्याच पावडरीखाली गेले. एका चोरट्यानं हातमोजे घालून घर फोडलं आणि मोबाईल तिथेच चार्जिंगला विसरून गेला. हे सगळं घरी येऊन सांगितलं की तू पोट धरून हसायचीस, आणि दुसऱ्या दिवशी मजल्यावर कोणाची कुंडी फुटली की स्वतःच ओरडायचीस, "कोणी हात लावू नका!"

तरी मी तुला हसत होते तोवर ठीक होतं. दुधाच्या पिशव्यांच्या केसनंतर हसू गेलं. चाळीच्या जागी टॉवर झाल्यावर पहिल्याच वर्षी आपल्या मजल्यावरच्या दुधाच्या पिशव्या गायब व्हायला लागल्या. वॉचमनवर ओरडून झालं, दूधवाल्याला बदलून झालं. मला कोणीतरी विचारलं, मी म्हटलं, सीसीटीव्ही बघा, नाहीतर तक्रार अर्ज द्या. कोणाला अर्ज नको होता. मग तू सगळ्यांना तुझ्या हॉलमध्ये बोलावलंस, पडदे ओढलेस, दोन फेऱ्या मारल्यास, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "चोर या खोलीतच आहे." आणि कोपऱ्यातले प्रधानकाका, रिटायर्ड, बँकेतले, भिंतीला हात टेकवून ढसाढसा रडायला लागले! सून चहाला पुरेसं दूध देत नाही म्हणाले. मी थक्क झाले. माझ्या अख्ख्या नोकरीत असं कोणी रडून कबूल केलं नव्हतं मला. लोक म्हणतात, मला काही माहीत नाही, आणि बसून राहतात तासन् तास.

मी तुला विचारलं, तुला कसं कळलं तेच आहेत? तू म्हणालीस, "माका खंय म्हायत होतां? पण सिरीयल ते पण बघतात ना! सगळ्यांना खोलीत बसवलं की चोरानं काय करायचं, ते त्यांना ठाऊक आहे." असं गालात हसून सांगितलंस. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. टीव्ही बघून लोक गुन्हे करायला शिकतात, असं आमचे साहेब लोक भाषणात म्हणायचे. आपल्या मजल्यावर लोक कबूल करायला शिकले होते, आणि ते मला नाही, तुला.

त्यानंतर पोरं तुला मॅडम म्हणायला लागली. खरी मॅडम कोण, मालू? मला शैलामावशी, आणि फॉल-पिकोवालीला मॅडम!

पण हेही मी गिळलं असतं. माझं खरं दुखणं रुपा होती, आणि ते तुला माहीत होतं.

रुपा माझी मुलगी. माझ्या ड्युट्या कशा असायच्या ते तू बघितलंस. गणपतीत मी घरी नाही, दिवाळीत नाही, मोर्चा असला की नाही. तिची वेणी तू घातलीस, तिच्या शाळेच्या गॅदरिंगला तू बसलीस. मी उपकार मानायचे तुझे, अगदी मनापासून मानायचे, अजून मानते. पण रिटायर झाल्यावर पहिल्या संध्याकाळी मी तुझ्या घरी सिरीयल बघायला आले, की आता आपण तिघी बसू, तर सोफ्यावर माझी मोठी बाई झालेली पोरगी, इन्शुरन्स कंपनीत ऑफिसर असलेली, तुझ्या मांडीवर पाय टाकून बसली होती. तू तिच्या पोटऱ्या चेपत होतीस. मला बघून तिनं पाय काढून घेतले. तू म्हणालीस, "ये गो, खुर्ची ओढ." माझ्याच मुलीशेजारी बसायला मला खुर्ची ओढावी लागली. मी दहा मिनिटं बसले आणि कुकर लावायचाय म्हणून उठले. कुकर लावून झाला होता.

आणि मग नथ.

ज्यांना माहीत नाही त्यांना कसं सांगायचं ते? माझ्या सासूबाईंची नथ, बसऱ्याच्या मोत्यांची, मधे लाल खडा, मालवणहून आलेली. चाळीत पद्धत पडली ती टॉवरमध्येही चालू राहिली. मजल्यावरच्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं, की तिची आई नारळ आणि खण घेऊन माझ्याकडे यायची, नथ घेऊन जायची, आणि लग्नानंतर पेढ्यांबरोबर परत आणून द्यायची. एकदाही हरवली नाही की मोती निखळला नाही. द्यायच्या आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन, मऊ कपड्यानं पुसून ठेवायचं काम रुपाचं. मजल्यावरच्या प्रत्येक पोरीच्या लग्नाच्या फोटोत आमची नथ आहे. फक्त रुपाला ती घालायची वेळ आली नाही. स्थळं बघितली. एक जवळजवळ जमलं आणि मोडलं. मग ती म्हणाली, आई, आता पुरे, आणि मी पुरे केलं. आमच्या घरात तो विषय बंद झाला, पण नथ धुवायचं काम तिचंच राहिलं. मला कधी सुचलंच नाही की ते तिच्याकडून काढून घ्यावं. की काढून घेतलं असतं तर जास्त लागलं असतं? तुला विचारायला हवं होतं.

कदमवहिनींच्या स्नेहलचं लग्न आलं. आपण दोघी अख्खी दुपार हिंदमाताला आहेराची साडी घेत फिरलो. तू दुकानदाराला पदराचा काठ उलटा करून दाखवत होतीस आणि मी पाय दुखतात म्हणून स्टुलावर बसले होते. सकाळी निघताना मी डबी उघडून नथ बघितली होती. संध्याकाळी कदमवहिनी नारळ घेऊन आल्या, मी डबी उघडली, तर रिकामी.

बोंबाबोंब झाली. लिफ्टपाशी कॅमेरा आहे, त्यात बाहेरचं कोणी आलेलं दिसलं नाही. दाराची चावी घरात आणि तुझ्याकडे, बस. मला पोलिसी डोकं सांगत होतं, घरातलंच. पण घरात कोण? हे जाऊन वर्ष होऊन गेलेलं, मी आणि रुपा. मी तो विचार तिथेच सोडून दिला. रुपा त्या दिवसांत जरा गप्प होती, नाकपुडी लाल झाली होती. मी म्हटलं, पुळी आली वाटतं, हळद लाव. ती बरं म्हणाली.

स्नेहलच्या लग्नाच्या दोन दिवस आधी तू दरबार भरवलास. तुझा हॉल, पडदे ओढलेले, कदमवहिनी, स्नेहल, अश्विनी, समोरच्या दोघी, मी. रुपा दाराजवळच्या मोढ्यावर. प्रत्येक जण न विचारता सांगत होता, मी तेव्हा इथे होते, मी तिथे होते. मी एकेकीचा चेहरा वाचत होते, हात बघत होते, गिळलेला आवंढा बघत होते. नोकरीत केलं तेच सगळं. सगळ्यांचं बघितलं. पोरीकडे बघितलं नाही. तू फेऱ्या मारल्यास, चष्मा काढलास. "चोर या खोलीतच आहे," म्हणालीस. कदमवहिनींनी माझा हात घट्ट धरला.

"आणि चोर मीच आहे," म्हणालीस, आणि कमरेच्या बटव्यातून नथ काढून माझ्या हातावर ठेवलीस.

मग स्नेहल टाळ्या वाजवायला लागली. "मालूकाकू, काय हा सस्पेन्स!" सगळ्या हसायला लागल्या. तू म्हणालीस, "परीक्षा घेतली तुमची. एकीनं तरी माझ्यावर संशय घेतलात का? नापास सगळ्या!" चहा झाला, नथ स्नेहलच्या नाकात गेली, लग्न लागलं.

मी मात्र हसले नाही. तुला घरी नेलं, ओट्यापाशी उभी केली. "त्या दिवशी दुपारभर माझ्याबरोबर होतीस," म्हटलं. "सकाळी नथ डबीत होती. संध्याकाळी नव्हती. कधी घेतलीस गं? तुझी साक्षीदार मी आहे. तू खोटं बोलतेयस. कोणाला वाचवतेयस?"

"गप रव गो शैले," म्हणालीस. "नथ मिळाली ना? केस बंद."

"अशी नाही होत केस बंद!"

"तुझ्या पोलिसात नसेल होत. माझ्यात होते."

त्यावरून जे आपलं वाजलं! मी म्हटलं, तू नाटकी आहेस, तुला सगळ्यांसमोर मिरवायला हवं असतं, तुला खाकी मिळाली नाही म्हणून तू हा तमाशा करतेस. ते बोलले मी. तू माझ्या ओट्यावरचा सांडलेला चहा पुसलास आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी वाटीभर सोलकढी पाठवलीस, नेहमीसारखी. मी ती प्याले, पण माझा राग गेला नव्हता.

मी कितीदा विचारलं तुला नंतर. गोड बोलून विचारलं, न बोलता नुसती बघत बसून विचारलं, भाजी निवडताना एकदम विचारलं. सगळ्या पोलिसी युक्त्या वापरल्या. तू त्या सगळ्या टीव्हीवर बघितल्या होत्यास. शेवटी मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं की अश्विनीनं घेतली असणार आणि सासू सुनेला झाकतेय. त्या पोरीशी मी नीट बोलेनाशी झाले. तू ते बघत होतीस, मालू, आणि तरी तोंड उघडलं नाहीस.

आणि तुझं काय झालं? मजला हसला खरा, पण हळूहळू चक्रं फिरली. मस्करी करायला कोणी लग्नाच्या तोंडावर नथ पळवतं का? हात लागला असेल, आणि मग सुटायला नाटक केलं असेल. कदमवहिनींनी तुझ्याकडे ठेवलेली घराची चावी एक दिवस गोड बोलून परत नेली. मग समोरच्यांनी. फॉल लावायला साड्या यायच्या कमी झाल्या. तू मला हसून सांगितलंस, "हिस्ट्रीशीटर झाले गो मी." आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? बरं झालं, आलं. मॅडम जरा खाली आली. असं आलं माझ्या मनात, आणि त्याच वेळी तुझ्यासाठी जीवही तुटत होता. दोन्ही खरं आहे.

आता परवाचं सांगते. तुझं तेरावं. तुझ्याच हॉलमध्ये पंगत बसली होती, रुपा वाढत होती. कदमवहिनी माझ्या शेजारी. जेवता जेवता समोरचीला म्हणाल्या, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, सोन्यासारखी बाई होती, पण त्या नथीचं मात्र... हात लागला होता हो. नंतर मस्करी केली म्हणून निभावलं." अश्विनीनं ऐकलं. तिचा चेहरा पडला, पण घरात पाहुणे, काय बोलणार?

रुपा खिरीचं पातेलं घेऊन तिथेच वाकलेली. ती म्हणाली, "काकू, नथ मी घेतली होती. मावशीनं नाही."

आणि ती अगदी साध्या आवाजात पुढे म्हणाली, "मला एकदा घालून बघायची होती. परत ठेवायच्या आत तुम्ही नारळ घेऊन आलात." डोळ्यांत पाणी नाही, भिंतीला हात नाही. डावानं कदमवहिनींच्या वाटीत खीर घातली आणि पुढच्या पानाकडे गेली. मी इतकी वर्षं लोकांचे जबाब घेतले, पण असा जबाब मी ऐकला नव्हता. कदमवहिनी मान खाली घालून ती खीर खात राहिल्या.

घरी आल्यावर मी पंखा लावून बसले. ती समोर येऊन बसली. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस."

"काय विचारलं असतं?"

"का घेतलीस ते."

खरंच विचारलं असतं. "मालूनं नाही विचारलं?"

"नाही," म्हणाली. "तिनं सगळ्यांना बोलावलं त्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेली होतीस. ती चहापत्ती मागायला आली, माझ्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाली, 'गो बाय माझ्या, बुजलेल्या भोकात कसली घुसवलंस, किती सुजलाहा!' मग खोबरेल लावलं. म्हणाली, भोक पाडलंसच आहेस तर आण इकडे, नीट घालूया. तिनं घातली. केसांचा अंबाडा घातला, तुझी हिरवी पैठणी खांद्यावर टाकली आणि आरशापुढे उभी केली. मी रडायला लागले तर म्हणाली, रडू नको, मोती भिजतील. मग नथ काढून कमरेला खोचली आणि म्हणाली, बाकीचं मी बघते, तू दाराजवळ बस आणि तोंड उघडू नको."

एवढं सांगून ती तोंड धुवायला उठली.

तर तू जिंकलीस, मालू. जिच्यावर कोणाचा संशय नव्हता तीच निघाली. केस तू सोडवलीस, पुरावा लपवलास, आरोपी सोडून दिलीस आणि स्वतः आत गेलीस, आणि तेही माझ्या पोरीसाठी. मी तुझी आयुष्यभर ऋणी राहीन, आणि आयुष्यभर जळत राहीन. तुझी मॅडमगिरी सोडली तुला. ती सिरीयल सोडली. मजल्यानं तुला डोक्यावर घेतलं, तेही सोडलं. अश्विनीची मी परवाच माफी मागितली, तर ती तुझ्या आठवणीनं रडली. पण एक गोष्ट मला सोडवत नाही. माझी पोर नथ घालून, अंबाडा घालून, माझी पैठणी खांद्यावर घेऊन आरशापुढे उभी राहिली, आणि बघायला तू होतीस. मी पलीकडे आंघोळ करत होते.

आज दुपारपासून नथ काढून समोर ठेवलीये. रुपा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. तिला हाक मारून म्हणायचंय, एकदा मलाही घालून दाखव. तोंडाशी येतं आणि परत जातं. आता म्हटलं तर तिला वाटेल, आई चौकशी करतेय.

म्हणून तुलाच विचारते. तू बघितलीस तिला. कशी दिसत होती गं?